पाणी गावात मिळेल

माझ्या ट्रेकच्या स्प्रेडशीटचं ग्रुपमध्ये कौतुक व्हायचं. कोण शाकाहारी, कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कोण चहात साखर घेत नाही, प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या सॅकमध्ये, दोर कोणाकडे, सगळं त्यात असायचं. माणशी खर्च रुपयापर्यंत निघायचा. नोकरीत दिवसभर सिस्टिम कुठे कोसळेल याचाच विचार करतो, तर सुट्टीतली आपली सिस्टिम कोसळू नये एवढी काळजी घेणारच.

त्या शीटमध्ये जेवणाच्या टॅबवर सगळ्यात खाली एक ओळ असायची: ‘पाणी – गावात मिळेल’. पुढे रकमेच्या रकान्यात शून्य.

हा लेख त्या शून्याविरुद्ध आहे. आधी माझ्याविरुद्ध आहे, आणि मग वीकेंडला २०-४० जणांचे ग्रुप घेऊन डोंगरात जाणाऱ्या आपल्या सगळ्यांविरुद्ध.

त्या रात्री काय झालं

एप्रिलमधला शनिवार. आम्ही २४ जण. कोर्लईहून किनाऱ्याकिनाऱ्याने काशीदपर्यंत चालायचं, समुद्रात डुंबायचं आणि संध्याकाळी मागच्या डोंगरातल्या एका वाडीवर मुक्काम, असा बेत होता. वाडीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या शनिवारी कोणीतरी लोकेशन टाकून तिथे पोहोचेल.

जेवण एका मावशींकडे सांगितलं होतं. रात्री तांदळाची भाकरी, पिठलं, भात, वरण. सकाळी पोहे. मध्ये तीन वेळा चहा. माणशी २५० रुपये, म्हणजे एकूण ६००० रुपये. भाव मीच ठरवला होता, फोनवर, थोडी घासाघीस करून.

आम्ही पोहोचलो ते अंगभर मीठ आणि वाळू घेऊन. ओट्याजवळ दोन पिंपं भरलेली होती. २४ जणांनी हातपाय धुतले, तोंडं धुतली. एकाने बुटातली वाळू बादलीत खळबळून काढली. बाटल्या भरल्या, चहा झाला, जेवण झालं, ताटं घासून झाली. जेवणाचं इतकं कौतुक झालं की मावशी लाजल्या. चुलीवर भाकरी थापतानाचे त्यांचे रील सगळ्यांनी काढले.

पहाटे साडेतीनला भांड्यांच्या आवाजाने मला जाग आली. मावशी आणि त्यांची दहावीतली मुलगी टॉर्च घेऊन निघाल्या होत्या. मला वाटलं, काही अडचण आहे. मी मागे गेलो.

‘‘काय झालं मावशी?’’

‘‘काय नाय ओ दादा. पिंपं संपली ना. आता गेलं की डवऱ्यात पानी साचलेलं असतं. मागनं गर्दी व्हते.’’

डवरा म्हणजे आटलेल्या ओढ्याच्या पात्रात खणलेला खड्डा. रात्रभरात त्यात पाणी झिरपून साचतं. ते वाटीने काढायचं, कळशीत ओतायचं, कळशी हंड्यात. हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर. मी ‘द्या, मी घेतो’ म्हणून हंडा खांद्यावर घेतला आणि चढावर पाव हंडा सांडला. मुलगी काही बोलली नाही. पुढच्या खेपेला तिने हंडा माझ्याकडे दिला नाही, एवढंच.

घड्याळात बघितलं. जाऊन येऊन, भरण्याच्या वेळेसकट एक खेप ४० मिनिटं. सकाळी आमचे लोक उठले तेव्हा पिंप पुन्हा भरलेलं होतं. त्याच पाण्याने दात घासत एकजण मला म्हणाला, ‘‘अरेंजमेंट एक नंबर आहे यार.’’

शून्याचा हिशोब

परतल्यावर मी ती ओळ उघडली आणि पहिल्यांदा तिचा हिशोब केला.

पिण्याचं पाणी, संध्याकाळपासून निघेपर्यंत आणि निघताना भरलेल्या बाटल्या धरून, माणशी ३ लिटर: ७२. तीन वेळचा चहा: ११. तांदूळ धुणं, भात-वरण, भाकरीची उकड, पिठलं, पोहे भिजवणं: २५. ताटं, वाट्या, कप, पातेली घासणं: ६०. हातपाय, तोंड, बूट आणि सकाळचे विधी, माणशी ४ लिटर: ९६. बेरीज २६४ लिटर. हा हात आखडून केलेला अंदाज आहे.

हंडा-कळशी मिळून एका खेपेला साधारण २० लिटर येतं. म्हणजे १३ खेपा. एका खेपेला ४० मिनिटं धरली तर ५२० मिनिटं, पावणेनऊ तास. आयटीतल्या माणसाची एक पूर्ण शिफ्ट. आमच्या मुक्कामासाठी कोणीतरी चढउतारावर डोक्यावर पाणी घेऊन एक अख्खी शिफ्ट केली होती आणि माझ्या शीटमध्ये तिची नोंद शून्य होती.

दुसऱ्या बाजूने बघा. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनचं उद्दिष्ट आहे ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे सरकारने कागदावर धरलेला जवळपास ५ माणसांचा दिवसाचा वाटा आम्ही एका मुक्कामात संपवला. तोही अशा वाडीवर, जिथे ते ५५ लिटर अजून कागदावरून उतरलेले नाहीत.

मला माझ्या कामातून एक गोष्ट पक्की माहीत आहे. ज्या गोष्टीला मीटर नाही, ती वाट्टेल तशी वापरली जाते. कंपनीत सर्व्हरचं बिल टीमच्या नावावर पडायला लागलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नको असलेले सर्व्हर बंद करायचं सुचतं. डोंगरात आम्हाला हे सुचलं नाही, कारण बिल आमच्या नावावर येतच नव्हतं. ते एका दहावीतल्या मुलीच्या झोपेतून वळतं होत होतं.

एवढा पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे?

‘कोकणात कसली पाणीटंचाई?’ हा प्रश्न मला आतापर्यंत चार-पाच जणांनी विचारला आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो पडतो चार महिन्यांत, उतारावर, कातळावर. काळा कातळ पाणी धरत नाही. डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतर इतकं कमी की ओढे काही तासांत खाडीला मिळतात. जुलैत ज्या धबधब्याखाली आपण फोटो काढतो, त्याच ओढ्यात एप्रिलमध्ये डवरा खणावा लागतो.

खाली किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी, पण सोपी नाही. तिथे वाळूत मुरलेलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की खारं पाणी वर सरकतं आणि विहीर मचूळ होते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट बोटीने येता येतं. मुंबईकरांना अलिबाग-काशीद-मुरूड जवळ आलं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण माणसं बोटीने येतात, त्यांच्याबरोबर त्यांचं पाणी येत नाही.

आणि आपण सगळ्यात जास्त संख्येने नेमके कधी जातो? परीक्षा संपल्यावर, लाँग वीकेंडला, एप्रिल-मेमध्ये, चांदण्यातला बीच कॅम्प आणि नाईट ट्रेक करायला. गावाकडचं पाणी सगळ्यात कमी असतं, तेव्हा आपली सुट्टी सगळ्यात मोठी असते.

किल्ला बघायचा, पण काय बघायचं?

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. आपण किल्ल्यांवर जातो. घोषणा देतो, गारद म्हणतो, बुरुजावर भगव्यासोबत फोटो काढतो. पण ज्यांनी किल्ले बांधले त्यांची सगळ्यात पहिली शिस्त कोणती होती, हे विचारलं तर उत्तर येत नाही.

ती शिस्त पाण्याची होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, हे स्वच्छ सांगून ठेवलं आहे. किल्ला बांधायचा तर आधी तिथे पाणी आहे का ते बघा. नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून टाकी करा. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून साठ्याची वेगळी टाकी ठेवा, आणि ती अडचणीसाठी राखा.

पुन्हा वाचा. एका स्रोतावर विसंबू नका, गर्दीच्या दिवसाचा हिशोब आधी करा, राखीव साठा ठेवा. माझ्या क्षेत्रात हे सांगायला लोक कॉन्फरन्स भरवतात.

अलिबागच्या समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यात गोड्या पाण्याचा तलाव आहे. चारही बाजूंनी खारं पाणी असलेल्या जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. गाईड ते दाखवतो, आपण ‘वॉव’ म्हणतो, त्यासोबत सेल्फी काढतो आणि वीस रुपयांची बाटली अर्धी पिऊन तिथेच टाकतो. शिवरायांचं नाव घेऊन निघालेल्या ग्रुपच्या शीटमध्ये ‘पाणी – गावात मिळेल’ अशी ओळ असेल, तर त्या ग्रुपने किल्ला पाहिलाच नाही.

‘पण आम्ही पैसे देतो!’

आता आक्षेपांकडे येतो. मी स्वतःही ते घेतले आहेत, त्यामुळे पाठ आहेत.

पहिला: आपण गेल्यामुळे गावाला रोजगार मिळतो. मिळतो. मावशींना ते ६००० रुपये हवेच होते. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी त्या पैसे साठवत होत्या, हे मला त्या पहाटे डवऱ्यावर कळलं. ‘आता आम्ही येत नाही’ म्हणून स्वतःचं पुण्य जपणं हा उपाय नाही. तसं केलं तर तिचं पाणी वाचेल आणि उत्पन्न जाईल, आणि आपण घरी बसून संवेदनशील ठरू.

पण आपण पैसे कशाचे देतो ते बघा. किराण्याचे आणि फार तर स्वयंपाकाच्या मजुरीचे. त्या रविवारी निघताना मी मावशींना म्हटलं, ‘‘पाण्याचे वेगळे किती द्यायचे?’’ त्या हसल्या. ‘‘पान्याचं पैसं घेतात का कुनी, दादा?’’

या उत्तरावर मी नंतर खूप विचार केला. दारात आलेल्याला पाण्याला नाही म्हणायचं नाही, हा तिथला रिवाज आहे. उन्हातून आलेल्या एखाददुसऱ्या वाटसरूसाठी तो केलेला आहे. ‘घरगुती जेवण अनलिमिटेड’ असं पोस्टरवर छापून, आगाऊ पैसे घेऊन आणलेल्या ४० गिऱ्हाइकांसाठी नाही. आपली पॅकेजेस स्वस्त पडतात ती त्या माणुसकीला फुकटचा कच्चा माल समजल्यामुळे. मावशी मागत नाहीत हे खरं आहे. म्हणून आपण द्यायचं नाही, हा निष्कर्ष तिथून निघत नाही.

दुसरा आक्षेप: पाणी उचलून न्यायचं तर ओझं किती होईल! एक लिटर म्हणजे एक किलो, बरोबर. दमट हवेत दिवसभर चालणाऱ्या माणसाला मी ४ लिटर धरतो, म्हणजे ४ किलो. आमच्या त्याच ट्रेकमध्ये एकाच्या पाठीवर ड्रोन होता, एकाकडे ब्लूटूथ स्पीकर, एकाकडे घडीची खुर्ची. पाठीला पाणी तेवढं जड वाटतं, कारण ते वाहणारं दुसरं डोकं उपलब्ध आहे.

तिसरा: जारचं पाणीसुद्धा कुठल्यातरी विहिरीतूनच येतं ना? येतं. पण ते टेम्पोने येतं, त्याचा दर असतो आणि तो माझ्या शीटमध्ये लिहिला जातो. आकडा दिसला की माणूस बुटातली वाळू बादलीत खळबळत नाही, झटकून काढतो.

चौथा थोडा तिरकस आहे: बायका तर रोजच पाणी भरतात, आपल्यामुळे काय मोठा फरक पडतो? १३ खेपांचा फरक पडतो. वर लिहिलं आहे.

चुलीआधी पाणी

नुसती टीका करून थांबलो तर लेख वाचून तुम्ही पुढच्या शनिवारी तीच शीट उघडाल. म्हणून मी शीट कशी बदलली ते सांगतो.

पहिला टॅब आता पाण्याचा आहे. मेनू त्यानंतर. किती पाणी लागेल आणि किती आपण नेऊ शकतो, हे ठरल्यावरच काय शिजवायचं ते ठरतं. गाडी जाते तिथपर्यंत २० लिटरचे जार, त्यापुढे प्रत्येकाच्या पाठीवर ४ लिटर. रिकामे जार परत न्यायचे. हात, भांडी, तोंड यासाठी माणशी एक लिटरची वेगळी बाटली. ती संपली की संपली.

मेनूत कोरडं जास्त. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी, गूळ, खजूर, काकड्या. खाणाऱ्यांसाठी उकडलेली अंडी आणि कोरडा परतलेला जवळा. सकाळी दडपे पोहे: पातळ पोहे, खवलेला नारळ, अलिबागचा पांढरा कांदा, लिंबू, मीठ, आणि नारळ फोडताना निघालेलं पाणी शिंपडायचं. घरून आणलेली फोडणी वरून घातली की तिथे शेगडीही लागत नाही. नारळ आणि कांदे किनाऱ्यावरच्या गावातून विकत घ्यायचे, म्हणजे पैसे गावातच राहतात. घामाबरोबर मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी ढोसून भागत नाही. त्यासाठी छोट्या बाटलीत कोकमाचं आगळ, मीठ आणि साखर.

ताट स्वतःचं, आणि खाल्ल्यावर दशमीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घ्यायचं. हे ऐकून ग्रुपमधल्या एकीने ‘ईऽऽ’ केलं होतं. आता ती दुसऱ्यांना शिकवते.

आगीबद्दल एकच. फणसाडसारख्या अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. संरक्षित किल्ल्यात चूल मांडायलाही परवानगी नसते. ‘आम्ही विझवून येतो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

बाकी, कमी पाण्याचा स्वयंपाक आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. माझं आजोळ रेवदंड्याजवळ आहे. तिथे थंडीत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, परत पाला कोंबून तोंड बंद. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पालापाचोळा रचून पेटवायचा. अर्ध्या-पाऊण तासात जेवण तयार. त्यात पाण्याचा थेंब नाही. केळीच्या पानावर खाल्लं की घासायला ताटही नाही. ज्या वालाच्या शेंगा आत आहेत, तो वालही भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढलेला असतो.

पण पोपटी एप्रिलमध्ये लागत नाही, कारण तेव्हा शेतात वालही नसतो आणि ओलही नसते. त्या पदार्थाला ऋतू कळतो. आपल्या ट्रेकच्या कॅलेंडरला कळत नाही.

मावशींचा दर

नंतर मी मावशींना फोन केला. पाण्याचे पैसे त्या घेणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून विचारलं, ‘‘किती माणसं आली तर तुम्हाला जमतं?’’ हा प्रश्न मी आधी कधीच विचारला नव्हता. आधी मी फक्त सांगायचो, किती जण येणार.

त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. जणू कोणी विचारायचीच वाट होती. पावसाळ्यानंतर ते संक्रांतीपर्यंत कितीही या. होळीपर्यंत १५. होळीनंतर मुक्कामाला नकोच. दिवसा आलात तर जेवण देईन, पण पानी तुमचं घेऊन या. आणि ताटाचा भाव २५० ऐवजी ३५० घेईन, एवढी मानसं परवडत नाय. मी घासाघीस केली नाही.

म्हणजे जो हिशोब मला स्प्रेडशीट घेऊन करावा लागला, तो त्यांच्या डोक्यात महिन्यांसकट तयार होता. आम्ही बुकिंग करणाऱ्यांनी तो मागितला नव्हता.

गेल्या जानेवारीत आम्ही १४ जण गेलो. ओढा वाहत होता. मावशींच्या शेतात, त्यांच्या देखरेखीखाली पोपटी लावली. मुलगी कॉलेजला जायला लागली आहे, ती घरी नव्हती.

एप्रिलच्या ट्रेकची पोस्टरं मात्र या वर्षीही ग्रुपवर फिरत आहेत. ‘चहा-नाष्टा, घरगुती जेवण, अनलिमिटेड.’ त्यातल्या एका लीडरला मी मेसेज केला: पाणी कुठून येतं आणि ते कोण आणतं? त्याने लगेच उत्तर दिलं, ‘डोन्ट वरी भाई, गावात मिळेल.’

तुम्ही पैसे भरायच्या आधी हा प्रश्न विचारा. उत्तरात एखाद्या टेम्पोचं, जारचं, माणसाचं, दराचं नाव आलं तर जा. नाही आलं, तर त्या पॅकेजमधलं पाणी कोणीतरी पहाटे साडेतीनला उठून भरणार आहे असं समजा.